डाइव्ह कॉम्प्युटर घेताना आधी काय बघावं?

प्रश्न: मी आणि माझ्या बायकोने मागच्या वर्षी स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स केला. प्रत्येकी दहाएक डाइव्ह झाल्या, सगळ्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर. आता स्वतःचा घ्यायचा आहे. एक मित्र म्हणतो, रंगीत स्क्रीनचा आणि सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणाराच घे, नाहीतर दोन वर्षांत बदलावा लागेल. आमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, साधा घ्या. आणखी एक जण त्याचा सहा वर्षं वापरलेला कॉम्प्युटर स्वस्तात देतोय. शिवाय काही अल्गोरिदम (कॉम्प्युटरच्या आतल्या हिशोबाच्या पद्धती) फार घाबरट असतात, ते टाळा, असंही ऐकलं. माझं वय 48, वाचायला चष्मा लागतो. पुढे नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) शिकायचा विचार आहे. दोघांत मिळून एकच चांगला घेतला तर चालेल का?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी पाण्याचा दाब मोजतो आणि ज्याच्या मनगटावर तो आहे त्याच्या शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल, याचा हिशोब मांडत राहतो. तुमची बायको तुमच्यापेक्षा तीन मीटर खाली प्रवाळ बघत असेल, तर तुमच्या हातावरचा आकडा तिचा नसतो. आलटून पालटून वापरणं तर याहून वाईट. सकाळी दोघं 22 मीटरवर जाऊन आलात, कॉम्प्युटर तुमच्या हातावर होता, तर त्यात हिशोब तुमच्या नायट्रोजनचा आहे, बायकोचा कुठेच नाही. भाड्याच्याचंही तसंच: सकाळी एक आणि दुपारी दुसराच हातात आला, तर दुपारच्या कॉम्प्युटरला वाटतं की तुम्ही आज पाण्यात उतरलेलेच नाही. तो खुशाल जास्तीची मिनिटं दाखवतो. आत्तापर्यंत भाड्याने वापरलात म्हणून हे मुद्दाम सांगतोय: एका दिवसाच्या सगळ्या डाइव्ह एकाच कॉम्प्युटरवर करायच्या, आणि सहलीच्या मध्येच नवा विकत घेतलात तर तो दुसऱ्या सहलीला बांधायचा.

तेव्हा एक महागडा घेण्याच्या पैशात दोन साधे घ्या. शक्यतो दोन्ही एकाच मॉडेलचे. एकमेकांचा स्क्रीन वाचता येतो, बटणं तीच असतात, आणि पाण्याखाली बायकोने मनगट पुढे केलं की तुम्हाला अर्थ शोधत बसावं लागत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंत, की वाचायला चष्मा लागतो. आमच्या मते तुमच्या निवडीत सगळ्यात जास्त वजन याच गोष्टीला आहे. पाण्याखाली मास्कच्या सपाट काचेमुळे वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडी मदत होते. पण उजेड कमी असतो, काचेवर थोडी वाफ धरलेली असते, एका हातात बीसीडीचा (तरंगायच्या जॅकेटचा) इन्फ्लेटर असतो आणि हातभर अंतरावरचा आकडा एका नजरेत कळावा लागतो. साध्या कॉम्प्युटरच्या एलसीडी स्क्रीनवर मुख्य आकडे मोठे असतात, पण ते कशाचे आहेत हे सांगणारी अक्षरं मुंगीएवढी असतात. खरी गोची तिथे होते.

एक उदाहरण जवळून बघा. तुम्ही 21 मीटरवर आहात. स्क्रीनवर वर खोली, तिच्याखाली नो-डेकोची उरलेली मिनिटं (वर येताना सक्तीने थांबावं न लागता खाली राहायचा वेळ), कोपऱ्यात डाइव्हला झालेला वेळ. नो-डेको 6, मग 3, मग 1 होतो. तिकडे लक्ष गेलं नाही आणि मर्यादा ओलांडली, की बऱ्याच मॉडेलांत त्याच जागेवर वेगळाच आकडा येतो: 3 मीटर आणि 4 मिनिटं, म्हणजे वर जाताना 3 मीटरवर इतका वेळ थांबायचं. बाजूला ‘डेको’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नवखा डायव्हर तो 4 बघतो आणि समजतो की अजून चार मिनिटं खाली राहायला हरकत नाही. तो जितका खाली राहतो तितका तो आकडा वाढत जातो, आणि आकडा वाढतोय म्हणजे वेळ मिळतोय असंही त्याला वाटू शकतं. ही चूक घडते ती केवळ स्क्रीनच्या मांडणीमुळे.

म्हणून दुकानात जाताना वाचायचा चष्मा घरी ठेवा. उजेड कमी असलेल्या कोपऱ्यात उभे राहा, कॉम्प्युटर मनगटावर बांधून हात पुढे धरा आणि एका सेकंदात खोली आणि नो-डेकोचा आकडा सांगता येतो का बघा. मग विक्रेत्याला सिम्युलेशन किंवा प्लॅनर उघडायला सांगा. मॅन्युअल बहुतेक कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतं, त्यातलं डेको स्टॉपच्या स्क्रीनचं चित्र काढून बघा. साधी डाइव्ह आणि डेको यांतला फरक लांबूनही कळतो का? रंगीत स्क्रीनचा खरा फायदा इथे आहे. हिरवा, पिवळा, लाल अशी पार्श्वभूमी बदलली की अक्षरं वाचायच्या आधीच मेंदूला निरोप पोचतो. खोलीवर लाल रंग दिसेनासा होतो हे खरं, पण ते वरून येणाऱ्या उजेडाबाबत. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, त्यामुळे तिचा लाल हातभर अंतरावर लालच दिसतो. तेव्हा रंगीत स्क्रीनबद्दल तुमचा मित्र बरोबर आहे, मात्र तुमच्यासाठी कारण डोळ्यांचं आहे. दोन रंगीत परवडत नसतील तर मोठ्या आकड्यांचा साधा एलसीडी घ्या आणि मास्कच्या काचेवर आतून चिकटवायची वाचायची भिंगं लावून घ्या. ती वेगळी मिळतात. बॅकलाइट एका बटणावर लागतो का, आणि हातमोजा घातलेल्या बोटाने ते बटण दाबता येतं का, हेही तिथल्या तिथे तपासा. पट्टा वेटसूटवरून बांधता येईल इतका लांब हवा. खोलीवर वेटसूट चेपतो आणि पट्टा सैल होऊन कॉम्प्युटर मनगटाखाली फिरतो, म्हणून ताणला जाणारा पट्टा जास्त बरा.

आता अल्गोरिदम. ‘घाबरट’ हा शब्द सगळीकडे ऐकू येतो, त्याने घाबरू नका. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1908 मध्ये शरीराची कल्पना पाच कप्प्यांची केली होती, प्रत्येक कप्पा नायट्रोजन वेगवेगळ्या वेगाने घेतो आणि सोडतो. पुढे झुरिकच्या डॉ. आल्बर्ट ब्यूलमान यांच्या मॉडेलात असे 16 कप्पे झाले. सगळ्यात वेगवान कप्पा चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो, सगळ्यात संथ कप्प्याला 635 मिनिटं लागतात. आज बऱ्याच कंपन्या हेच मॉडेल वापरतात आणि त्यावर ‘ग्रेडियंट फॅक्टर’ नावाची दोन आकड्यांची लगाम लावतात. शिअरवॉटर कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये 45/95, 40/85 आणि 35/75 अशा तीन तयार जोड्या असतात. नो-डेको डाइव्हमध्ये तुमच्या कामाचा आकडा दुसरा. 85 म्हणजे वर येताना मूळ मॉडेलने मान्य केलेल्या जादा दाबाच्या 85 टक्क्यांपर्यंतच जायची मुभा. आकडा लहान केला की मिनिटं कमी होतात आणि सुरक्षिततेचं अंतर वाढतं. सून्टो कंपनीच्या कित्येक मॉडेलांत आरजीबीएम हा वेगळा हिशोब असतो. तो वेगाने वर येणं, दोन डाइव्हच्या मध्ये कमी वेळ सोडणं आणि आधीच्यापेक्षा खोल जाणं याची जास्त शिक्षा देतो. ‘घाबरट’ हा शिक्का मुख्यतः तिथून आला.

पण तुमच्या पातळीवर हा फरक किती जाणवणार, ते मांडून बघू. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात हवेवर 18 मीटरची नो-डेको मर्यादा 56 मिनिटं आहे. तिथे दाब 2.8 बार. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा माणूस तिथे 56 लिटर घेतो. 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला भरला आणि 50 बार राखून ठेवले, तर वापरायला उरली 1800 लिटर, म्हणजे साधारण 32 मिनिटं. नवे डायव्हर याहून जास्तच हवा घेतात. थोडक्यात, दिवसाच्या पहिल्या डाइव्हला तुम्हाला वर आणणार आहे सिलिंडर. अल्गोरिदमचा फरक दिसतो तो तिसऱ्या-चौथ्या डाइव्हला, सलग चार-पाच दिवसांच्या सहलीत, किंवा 30 मीटरवर जिथे मुळात 20 मिनिटंच असतात. तिथेही दोन-चार मिनिटं जास्त देणारा कॉम्प्युटर शोधण्यात आम्हाला काही अर्थ दिसत नाही. थंडी वाजली, प्रवाहाविरुद्ध पोहून दमलात, रात्री झोप झाली नाही, पाणी कमी प्यालात, यातलं काहीच कॉम्प्युटरला कळत नाही, आणि मर्यादेच्या आत राहूनही डीकम्प्रेशनचा (विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) त्रास झालेले लोक आहेत. म्हणून आमचा सल्ला असा: ज्यात ही लगाम स्वतःला बदलता येते तो घ्या, आणि ती मधल्या किंवा कडक पायरीवर ठेवा. बडीचा, म्हणजे जोडीने उतरणाऱ्या साथीदाराचा, कॉम्प्युटर वेगळा असेल तर दोघांपैकी ज्याचा कडक त्याचं ऐकायचं. हा नियम पाण्यात उतरण्याआधी बोलून ठेवा, खाली वाद घालता येत नाही.

चूक झाली तर शिक्षा किती कडक आहे, हेही मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा. सक्तीचा स्टॉप टाळून वर आलात तर बरेच कॉम्प्युटर 24 तास, काही मॉडेलं 48 तास हिशोब करणंच बंद करतात आणि फक्त खोली व वेळ दाखवतात. सहलीतले दोन दिवस त्यात जातात. असाच घोळ चुकून ‘गेज’ मोडमध्ये डाइव्ह झाली की होतो. त्या मोडमध्ये नायट्रोजनचा हिशोब ठेवलाच जात नाही, म्हणून पुढे बराच वेळ नेहमीचा मोड उघडत नाही. उडी मारण्याआधी वर कुठला मोड लिहिलाय ते वाचायची सवय लावा.

नायट्रॉक्सबद्दल फार विचार करायची गरज नाही. आज मनोरंजनासाठी विकला जाणारा जवळपास प्रत्येक कॉम्प्युटर 21 ते 40 टक्के ऑक्सिजन मानतो. तुमच्या यादीतला मानत नसेल तर तो लगेच खोडा, कारण फायदा मोठा आहे. 32 टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर 22 मीटरची डाइव्ह नायट्रोजनच्या दृष्टीने सुमारे 17.5 मीटरच्या हवेवरच्या डाइव्हएवढी पडते, म्हणजे तक्त्याप्रमाणे 37 मिनिटांच्या जागी 56. त्याची किंमत खोलीत मोजावी लागते. ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनचा दाब) 1.4 बारवर थांबवायचा असल्याने 32 टक्क्यांना साधारण 33 मीटर आणि 36 टक्क्यांना 28 मीटर ही सीमा. इथे एक चूक जिवावर बेतू शकते: कालचा 32 तसाच राहिला आणि आज सिलिंडरमध्ये साधी हवा आहे. कॉम्प्युटर समजतो नायट्रोजन कमी आहे आणि नसलेली मिनिटं दाखवतो. हे टाळण्यासाठी काही मॉडेलं ठरावीक वेळाने आपोआप हवेवर किंवा अतिकडक हिशोबावर जातात, काही कालचं तसंच ठेवतात. तुमचं मॉडेल काय करतं हे मॅन्युअलच्या नायट्रॉक्सच्या प्रकरणात असतं. ते पान फोनमध्ये टिपून ठेवा.

सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणारी सोय चांगली आहे, पण आत्ता नका घेऊ. कारण वर केलेला हिशोब तुमच्या हाताला लागला पाहिजे. मिनिटाला 20 लिटर घेणारा माणूस 20 मीटरवर 60 लिटर घेतो, 12 लिटरच्या सिलिंडरमधून मिनिटाला 5 बार. 150 बार दिसत असतील आणि 50 राखायचे असतील तर 20 मिनिटं. दर पाच मिनिटांनी सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज बघून अंदाज करायचा आणि तो बरोबर येतो का तपासायचं, हे वीस-तीस डाइव्ह केलंत की तुमचा स्वतःचा आकडा कळतो. तो कळल्यावर मनगटावरचा ‘उरलेला वेळ’ पटकन खरा-खोटा ओळखता येतो. मात्र कॉम्प्युटर घेताना, पुढे ट्रान्समीटर (सिलिंडरचा दाब मनगटावर पाठवणारं यंत्र) जोडता येईल असा घ्यायला हरकत नाही.

जोडाल तेव्हा लक्षात ठेवा, ट्रान्समीटर फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) हाय प्रेशर पोर्टवरच बसतो. तिथे एचपी असं कोरलेलं असतं, आणि बहुतेक फर्स्ट स्टेजवर त्याचं भोक लो प्रेशरच्या भोकापेक्षा मोठं असतं. बसवताना दाब पूर्ण सोडलेला हवा. घट्ट करायचं ते तळाच्या षटकोनी भागाला पाना लावून, प्लास्टिकचा दंडगोल पिरगाळून नव्हे. सिलिंडर उचलताना त्याला मूठ समजून धरायचं तर अजिबात नाही, तो तिथेच मोडतो. कॉम्प्युटर ज्या मनगटावर त्याच बाजूचा पोर्ट निवडला तर संदेश कमी तुटतो. बॅटरी उतरली किंवा जवळ कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला की स्क्रीनवर आकड्याच्या जागी रेघा येतात, म्हणून साधा गेज काढून टाकू नका.

बॅटरीबाबत इन्स्ट्रक्टरांचा ‘साधा घ्या’ हा सल्ला खरा कामाला येतो. नाण्यासारखी बॅटरी स्वतः बदलता येत असेल तर घरापासून लांबही अडत नाही. चार्जिंगच्या कॉम्प्युटरमध्ये झाकण उघडायची कटकट नाही, पण रोज रात्री आठवणीने लावावा लागतो आणि काही वर्षांनी आतली बॅटरी सर्व्हिस सेंटरलाच बदलून घ्यावी लागते. दोन्ही चालतं. फक्त, स्वतः बदलायची असेल तर ती घाईत, बोटीच्या ओल्या फळीवर बदलू नका.

बदलायची पद्धत अशी. कॉम्प्युटर गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण सुकवा, झाकणाच्या खाचेतलं पाणीसुद्धा कापडाने टिपा. झाकण उघडल्यावर ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) काढायला सुई किंवा चाकू वापरू नका, चर पडतो. प्लास्टिकचा तुकडा किंवा बोटांची चिमूट पुरे. जुनी रिंग चपटी झाली असेल तर नवीच घाला, बॅटरीच्या संचात ती बहुधा येते. बोटावर सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका घेऊन रिंग त्यातून फिरवा. ती नुसती चकाकली पाहिजे. ग्रीस जास्त झालं की त्याला वाळू आणि केस चिकटतात, आणि चुकून अडकलेला एक केस पाणी आत घ्यायला पुरतो. रिंग पिळली न जाता खाचेत बसली का बघा आणि झाकण खुणेपर्यंतच फिरवा. मग कॉम्प्युटर पाण्याच्या भांड्यात बुडवा. बुडबुडे आले तर लगेच बाहेर काढा. पुढच्या डाइव्हनंतर काचेवर आतून धुकं दिसलं तरी तोच अर्थ. आणि दोन डाइव्हच्या मध्ये बॅटरी बदलूच नका. बऱ्याच मॉडेलांत बॅटरी काढली की नायट्रोजनचा जुना हिशोब पुसला जातो आणि सेटिंगही मूळपदावर जातं.

सहा वर्षं वापरलेल्याबद्दल आमचं मत नकारार्थी आहे, तरी घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बघा. बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरा क्षार आहे का. बाजूचे धातूचे ठिपके, ज्यांना पाणी लागल्यावर कॉम्प्युटर जागा होतो, ते गंजलेत का. आणि तो दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरसोबत एकाच दोरीला बांधून 10-15 मीटरवर सोडल्यावर दोघांच्या खोलीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो का. दोन्हींवर खारं किंवा गोडं पाणी हे सेटिंग सारखं ठेवा, नाहीतर 2-3 टक्क्यांचा फरक उगाच दिसेल. नो-डेकोचा सगळा हिशोब त्या दाबाच्या सेन्सरवर उभा आहे. तो चुकत असेल तर बाकीचं काहीच खरं नाही.

दोन कॉम्प्युटर हातात आले की पहिल्या सहलीच्या आठवडाभर आधी घरीच प्लॅनर उघडा आणि 12, 18, 24, 30 मीटरची मिनिटं दोघांनी वेगवेगळी वाचून दाखवा. वर येण्याचा वेग ओलांडल्यावर काय दिसतं ते शोधा (मिनिटाला 9 मीटर ही आजची प्रचलित मर्यादा). 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप आपोआप सुरू होतो का, बघा. 300 मीटरहून उंच तलावात उतरणार असाल तर उंचीचं सेटिंग आपोआप होतं की हाताने करावं लागतं, तेही. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, आणि उन्हात तापलेल्या फळीवर ठेवायचा नाही.

परतीच्या विमानासाठी कॉम्प्युटरवर विमानाचं चिन्ह आणि उरलेले तास दिसतात. काही मॉडेलं सरसकट 24 तास मोजतात, काही तुमच्या हिशोबाप्रमाणे कमी. कमी दाखवत असला तरी एकच नो-डेको डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान 18 तास थांबा. डेको स्टॉप करावा लागला असेल तर आम्ही पूर्ण एक दिवस सोडायला सांगू. तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी संपेल असं बघा.